जास्त ताकदीचं मशीन

माझ्या धाकट्या भावाचं औरंगपुऱ्यात व्हिडिओ गेमचं दुकान होतं. ते साडेचार वर्षं चाललं आणि माझ्या सल्ल्यामुळं बंद पडलं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे. भावाला जाऊन चौदा महिने झाले. नातेवाइकांमध्ये अजून असंच बोललं जातं की लोडशेडिंगनं दुकान बुडवलं. तसं म्हणणाऱ्याला मी, एक वेळ सोडली तर, कधी अडवलं नाही.

दुकान म्हणजे वह्यापुस्तकांच्या एका दुकानावरची खोली. बाहेरच्या लोखंडी जिन्यानं वर जायचं. आत चार टीव्ही, चार मशीन, प्रत्येक मशीनला दोन रिमोट आणि भिंतीला लागून एक लांब बाकडं. कोपऱ्यात इन्व्हर्टर आणि त्याच्याशेजारी एक प्लास्टिकची खुर्ची. ती माझी. मी तेव्हा तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. शनिवारी दुपारी औरंगपुऱ्यात पुस्तकं बघायला यायचे आणि पिशवी घेऊन वर चढायचे. भाऊ खालून चहा मागवायचा. मी पुस्तक उघडून बसायचे, पण तिथं वाचणं शक्य नसायचं, इतका गोंगाट.

तिथं शाळकरी मुलं येत असतील अशी आमच्या वडिलांची समजूत होती. खरं तर गिऱ्हाईक बहुतेक मोठं होतं. वाळूजला पहिली पाळी करून आलेले कामगार, कॉलेजसाठी खोली करून राहिलेले विद्यार्थी. सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते. सोयगाव, कन्नड, पैठणकडची तरुण माणसं कामाला शहरात आली होती. एका खोलीत पाच-पाच जण राहायचे. शहर तेव्हा सगळ्या बाजूंनी पसरत होतं. बीड बायपासच्या पलीकडं इमारती उभ्या राहिल्या होत्या, पण त्यांना नळ नव्हते. टँकर कधी येईल ते सांगता यायचं नाही. मग एक जण खोलीवर थांबायचा आणि बाकीचे बाहेर पडायचे. टँकर दिसला की खोलीवरचा मिस्ड कॉल द्यायचा, आणि माझ्या भावाच्या दुकानातून तीन-चार माणसं धडाधडा जिना उतरून पळायची. खेळ अर्धा राहिला तरी कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. कुस्तीचा किंवा फुटबॉलचा सामना, सहा-सात मिनिटांचा. परत आल्यावर नवा सुरू करायचा.

तिथं एक नियम होता. तो भावानं केलेला नव्हता, गिऱ्हाइकांनीच आपल्याबरोबर आणला होता. ‘हारा सो उठा.’ दोघं खेळायचे. जो हरला त्यानं रिमोट बाकड्यावरच्या पुढच्या माणसाच्या हातात द्यायचा आणि बाकड्याच्या शेवटी जाऊन बसायचं. बसताना चार टोमणे ऐकायचे. जिंकलेला खुर्ची सोडायचा नाही, त्यामुळं त्याला उठवायला सगळं बाकडं टपलेलं असायचं. सोयगावकडचा एक कामगार होता, गियर बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. तो जवळजवळ रोज हरायचा आणि रोज यायचा. बाकड्यावर मागं सरकताना तो म्हणायचा, “आज सोडला तुला. उद्या तुझी काय खैर नाय.” सगळे हसायचे. माझा भावही हसायचा. घरी त्याला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

घरी त्याला हसण्यासारखं काही नव्हतं. वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि निवृत्त झाले होते. सकाळी पेपर उघडून ते आधी जायकवाडीत किती पाणी उरलं ते मोठ्यानं वाचायचे आणि मग भावाकडं बघायचे, जणू धरण त्यानंच रिकामं केलं आहे. आमच्या घरात आजोबांपासून सगळे नोकरी करणारे. दुकान, तेही खेळण्याचं, ही गोष्ट चारचौघांत सांगायला वडिलांना लाज वाटायची. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा वाळूजला एका कंपनीत अधिकारी होता. तिथं स्टोअरमध्ये भावाला लावायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. भावानं एक वर्ष मागून घेतलं. वर्षात दुकान नीट वाढवून दाखवलं तर ठेवायचं, नाही तर वाळूज. वडील कबूल झाले. भाऊ सव्वीस वर्षांचा होता. ते दुकान ही त्यानं स्वतःच्या डोक्यानं केलेली पहिली गोष्ट होती.

मशीन जुनी झाली होती. रिमोटची बटणं बसायला लागली होती, सीडी अडकायची. काहीतरी नवं आणायला हवं होतं. एका रविवारी जेवताना तो म्हणाला, “ताई, तेच मशीन अजून दोन आणतो. पैठणगेटच्या बाजारात मिळतायत, चांगल्या कंडिशनमधली.”

मी त्या महिन्यात एका मासिकात नव्या मशीनबद्दल वाचलं होतं. त्याचा प्रोसेसर, मेमरी, चित्र काढणारी वेगळी चिप, सगळं मला पाठ होतं. मी ते वर्गातही सांगितलं होतं. मी हात धुऊन आले, कागद घेतला आणि दोन चौकोन काढले. एक लहान, एक मोठा. लहान म्हणजे त्याचं मशीन. जुनं मशीन कसं मरायला टेकलं आहे आणि नवं त्याच्या कितीतरी पट काम कसं करतं, हे मी त्याला वर्गात समजावते तसं समजावलं.

“ते ठीकय,” तो म्हणाला. “पण त्याच्या सीडी कुठं मिळणार?”

“येतील. मशीन चांगलं असलं की गेम मागोमाग येतातच.”

“ताई, तिथं येणारे मशीन बघायला येत नाहीत.”

“मग तू कॅसेटचं मशीन काढून सीडीचं आणलंस तेव्हा गर्दी का वाढली? ताकद वाढली म्हणूनच ना?”

“नाही ना. कॅसेट खराब झाली की दुसरी मिळायची मारामार. सीडी कुणीपण कॉपी करून देतं. रोज वेगळा गेम लावता येतो. म्हणून वाढली.”

हे उत्तर बरोबर होतं. मला ते तेव्हा गावंढळ वाटलं. ज्या माणसाला आत काय चाललं आहे ते कळत नाही, तो बाहेरच्याच गोष्टी सांगणार, असं वाटलं. वडील ताटावरून मान वर न करता म्हणाले, “ती हेच शिकवते रोज. तिला जास्त कळतं का तुला?”

भावानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटतं, मी काहीतरी बोलेन म्हणून तो थांबला होता. त्याला दुकान कळतं, मला फक्त चिप कळते, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी कागदावरच्या मोठ्या चौकोनात आणखी एक चौकोन काढत बसले.

“बरं,” तो म्हणाला. “ताई म्हणते तर आणू.”

जुन्या चार मशीनमधलं एक तरी ठेवायचं त्याच्या मनात होतं. त्यालाही मीच नको म्हणाले. नव्याशेजारी ते जुनाट कशाला, दुकानाला कळा येत नाही, असं काहीतरी. चारही मशीन त्यानं पैठणगेटच्या त्याच माणसाला दिली, ज्याच्याकडून तो दोन घेणार होता. मुंबईहून नवी दोन आली. जड, काळी, जुन्यापेक्षा दुप्पट मोठी. त्यांच्यासाठी टीव्हीही मोठे घेतले. मी शनिवारची वाट न पाहता मंगळवारीच गेले.

पहिले काही दिवस जिन्यावरसुद्धा माणसं उभी असायची. एका गेममध्ये समुद्र होता. लाटा वर यायच्या, वाळूवर पसरायच्या, ओल्या वाळूवर ऊन चमकायचं. असं चित्र तोवर कुणी पाहिलं नव्हतं. सगळं बाकडं त्या पाण्याकडं बघत बसायचं. कुणीतरी म्हणालं, “हे टँकरवाल्याला दाखवू नका रे, पाइप घेऊन येईल.” मी इन्व्हर्टरशेजारी बसून हसत होते. माझंच काहीतरी जिंकलं आहे असं मला वाटत होतं.

त्यानंतर जे झालं ते सावकाश झालं, म्हणून मला वेळेवर दिसलं नाही. नव्या मशीनच्या सीडीची कॉपी शहरात कुणाकडं होत नव्हती. जे पाच गेम आले तेवढेच. तेही सगळे एकट्यानं खेळायचे, मोठ्या गोष्टीसारखे. सुरुवातीला दहा मिनिटं इंग्रजी संभाषण चालायचं. ठरावीक ठिकाणी पोचल्याशिवाय खेळ साठवता यायचा नाही. मध्ये लाईट गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. इन्व्हर्टर जुनी चार मशीन आणि चार लहान टीव्ही दोन-अडीच तास ओढायचा. नवी दोन आणि मोठे टीव्ही त्याला तासभरही झेपेनात. टँकरचा मिस्ड कॉल आला की खेळणारा माणूस अर्ध्या जंगलात अडकलेला असायचा. तो बिचारा वर-खाली बघायचा, पाण्याला जाऊ का खेळू. दोन-तीनदा असं झालं की माणूस पुन्हा ते मशीन मागायचा नाही.

आणि हरायला कुणीच नव्हतं. एकटा माणूस खेळतो आहे, तो मरतो, परत उठतो, पुढं जातो. बाकडं कंटाळून जायचं. सोयगावच्या त्या कामगाराला भावानं एकदा आग्रहानं नव्या मशीनवर बसवलं. तो दहा मिनिटं बंदूक घेऊन एका गवतात फिरला आणि रिमोट मांडीवर ठेवून म्हणाला, “ह्याच्यात मी हाणू कुणाला?”

“ते समोरून येतायत ना दुश्मन, त्यांना हाण की,” भाऊ म्हणाला.

“ते मशीनमधलेच हायेत. हरले तर त्यांना काय शरम वाटणारे व्हय?”

सगळे हसले. भावानं माझ्याकडं बघणं टाळलं. मी पुस्तकात बघत होते.

होळीपर्यंत बाकडं रिकामं पडायला लागलं. पैठणगेटचा माणूस त्याच चार मशीनवर, त्याच बसलेल्या बटणांवर कुस्ती लावत होता आणि आमचं गिऱ्हाईक तिथं जाऊन एकमेकांना खुर्चीवरून उठवत होतं. एका शनिवारी भावानं मला विचारलं, काय करू या. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मी त्याला म्हणाले, नवी गोष्ट लोकांना कळायला वेळ लागतो, दम धर. त्यानं मान हलवली. त्या दिवशी मला आतून कळलं होतं की मी चुकले. पण चूक कळणं आणि ती कबूल करणं यांत मी इतकं अंतर पडू दिलं की पुढं ते ओलांडताच आलं नाही.

वर्ष संपलं तेव्हा वडिलांना आठवण करून द्यावी लागली नाही. भावानं स्वतःच सांगितलं, मी वाळूजला जातो. वडिलांनी कारण विचारलं. तो म्हणाला, “लाईट राहत नाही. लाईटवर चालणारा धंदा ह्या गावात करायचा नाही.” मी तिथंच भाजी निवडत बसले होते. त्यानं माझं नाव घेतलं नाही. दुकान रिकामं केलं त्या दिवशी माझी परीक्षेची ड्युटी होती. ती बदलून मिळाली असती. मी अर्जच केला नाही.

मग तो पहाटेच्या बसनं जाऊ लागला. स्टोअरमध्ये नट, बोल्ट, बेअरिंगच्या पेट्या मोजून देणं, आठवड्याला पाळी बदलणं. लग्न झालं, शहरालगतच्या सातारा परिसरात फ्लॅट घेतला. दिवाळीला भेट व्हायची. तो बारीक आवाजात बोलायचा. सणाला जमलेल्या पोरासोरांनी मोबाइलवर गेम काढले की तो मात्र सरकून त्यांच्यात जाऊन बसायचा आणि विचारायचा, “हा दोघांना खेळता येतो का रे?” मी स्वयंपाकघरातून ऐकायचे.

त्यानंतर पुन्हा दुष्काळ पडला, पहिल्यापेक्षा वाईट. वसतिगृहात पाणी नाही म्हणून तंत्रनिकेतनानं बऱ्याच मुलांना घरी पाठवलं. उरलेल्या पंचवीस-तीस जणांना शिकवताना धडा पुढं न्यायचा नव्हता, त्यामुळं गप्पाच जास्त व्हायच्या. एक दिवस मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “मॅडम, एकाच काळात तीन कंपन्यांची गेमची मशीन होती. त्यात सगळ्यात कमी ताकदीचं सगळ्यात जास्त विकलं गेलं. असं कसं?”

मी तिला पाऊण तास उत्तर दिलं. मी म्हणाले, ताकद लागतेच. चित्र अगदीच ओबडधोबड असेल तर पुढचं मशीन मागच्याला मारतं. पण एका मर्यादेपुढं माणूस चिपकडं बघत नाही. त्यावर कोणते खेळ मिळतात, ते किती सहज मिळतात, शेजारी बसायला दुसरा माणूस आहे का, आणि त्याच्या दिवसात खेळायला जेवढी सवड आहे तेवढ्यात तो खेळ बसतो का, हे बघतो. मी त्यांना टँकर सांगितला, मिस्ड कॉल सांगितला. एकट्यानं खेळायच्या खेळात हरणाऱ्याला लाज वाटत नाही आणि जिंकणाऱ्याला मजा येत नाही, हे सांगितलं. वर्ग इतका शांत बसून माझं क्वचितच ऐकायचा. त्या मुलीनं विचारलं, “मॅडम, हे कुठल्या पुस्तकात आहे?”

मी म्हणाले, “पुस्तकात नाही. अनुभवानं कळतं.”

कुणाच्या, ते मी सांगितलं नाही. त्या वेळी माझा भाऊ सात-आठ किलोमीटरवर आपल्या फ्लॅटमध्ये झोपला असणार, रात्रपाळी करून आलेला. तासानंतर मी फोन हातात घेतला. झोपमोड होईल असं म्हणून ठेवला. संध्याकाळी करू म्हटलं. संध्याकाळी तो पाळीला निघाला असेल. असं त्या आठवड्याचं झालं, मग त्या वर्षाचं. फोन करून मी नेमकं काय म्हणणार होते तेही ठरत नव्हतं. तुझं बरोबर होतं, इतकंच तर होतं. घरात आयुष्यभर माझंच बरोबर असायचं. त्या सवयीतून बाहेर यायला शब्द सापडत नव्हते, असं मी स्वतःला सांगायचे. शब्द होते. मला ते म्हणायचे नव्हते.

नंतर त्याला काविळीचं निमित्त झालं आणि तपासण्यांमध्ये पोटातला मोठा आजार निघाला. दवाखान्यात दुपारची वेळ मी घेतली होती. थर्मासमध्ये पेज घेऊन जायचे. शेजारच्या खाटेवर जालन्याचे एक गृहस्थ होते, गप्पिष्ट. त्यांनी एकदा त्याला विचारलं, कंपनीच्या आधी काय करत होता. त्याच्या चेहऱ्यावर एकदम रंग आला. त्यानं दुकानाबद्दल सगळं सांगितलं. बाकडं, नियम, जिन्यावरून पळणारी माणसं, सोयगावच्या कामगाराचे टोमणे त्याच्याच आवाजात. गृहस्थ हसून हसून खोकायला लागले. मग त्यांनी विचारलं, “इतकं चांगलं चाललं होतं तर बंद का केलं?”

मी मोसंबी सोलत होते. भाऊ म्हणाला, “लाईटनं मारलं साहेब आपल्याला. तेव्हा दिवसातून आठ-आठ तास जायची.”

हे म्हणताना तो माझ्याकडं बघत होता का, ते मला सांगता येत नाही, कारण मी मान वर केली नाही. आत्ता बोलावं असं मनात आलं. मग वाटलं, परक्या माणसासमोर नको. तो थकला आहे, उद्या येईन तेव्हा. दुसऱ्या दिवशी त्याला गुंगीचं औषध चालू केलं. अकराव्या दिवशी तो गेला.

गेल्या महिन्यात मी भावजयीकडं गेले होते. कंपनीचे काही कागद लावायचे होते. काम झाल्यावर आम्ही दोघी गॅलरीत बसलो. समोर आणखी एका इमारतीचे मजले चढत होते. ती सहज म्हणाली, “ते म्हणायचे, लाईट टिकली असती तर आज माझी तीन दुकानं असती.” मग मी तिला सांगितलं. जेवणाच्या ताटाशेजारचा कागद, दोन चौकोन, वडिलांचं बोलणं, जुनी चारही मशीन विकायला लावली ती मीच, पुढं वर्गात त्याचंच म्हणणं माझं म्हणून सांगितलं ते, सगळं. बोलताना मी रडले नाही. वर्गात तास घेतल्यासारखी सलग बोलले, आणि त्याचीच मला लाज वाटली.

ती ऐकून घेत होती. तिला राग येईल अशी माझी तयारी होती. तो आला असता तर बरं वाटलं असतं. पण तिनं विचारलं, “म्हणजे ताई, यांचं बरोबर होतं हे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?”

“हो.”

“आणि तुम्हाला ते कळलंय, हे यांना माहीत होतं का?”

मी नाही म्हणाले. मांडीवरचे कंपनीचे कागद ती पुन्हा एकदा एकावर एक लावत बसली, मघाशीच लावलेले.